किनाऱ्यावर आधी कोण पोहोचतो?

वऱ्हाडातल्या मुलांची आणि देवमाशाची गाठ पडते ती पाठ्यपुस्तकात. शेंदूरजनाघाटच्या मुलाच्या रोजच्या पाहण्यातले पाणी म्हणजे विहिरीचे, संत्र्याच्या बागेतले, नाहीतर वर्धेला जाऊन मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचे. 'देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे व तो फुप्फुसांनी श्वास घेतो' हे वाक्य तो परीक्षेपुरते पाठ करतो. किनाऱ्यावरच्या माणसांवर मात्र हेच वाक्य ऐन वेळी आठवण्याची पाळी येते. ते आठवावे म्हणून लोकांना शिकवण्याचा जो खटाटोप झाला, त्याचा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

त्याची सुरुवात भूतदयेतून झाली नाही. इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून किनाऱ्याला लागलेला देवमासा राजाच्या मालकीचा समजला जाई. या जुन्या कायद्याचा उपयोग १९१३ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने करून घेतला. प्राणिशास्त्रज्ञ सिडनी हार्मर यांच्या पुढाकाराने अशी व्यवस्था झाली, की देवमासा किनाऱ्याला लागला की तटरक्षकांनी संग्रहालयाला तार करावी. प्राणी बहुधा मेलेलाच असे. कोणत्या जाती, कुठे, केव्हा, एवढीच नोंद हवी होती. पुढे जात ओळखता यावी म्हणून सचित्र पुस्तिकाही निघाल्या. म्हणजे मेलेल्या देवमाशाची मोजदाद करता करता किनाऱ्यावरचा साधा शिपाई प्राणिशास्त्र शिकू लागला. आपल्याकडेही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात अशा नोंदी छापून येत, पण त्या जाणकारांपुरत्याच राहिल्या.

जिवंत प्राण्याचे काय करायचे हा प्रश्न मागाहून आला. न्यूझीलंडमध्ये १९७४ साली 'प्रोजेक्ट जोना' ही संस्था निघाली आणि तिने सामान्य नागरिकांना देवमाशाच्या प्रथमोपचाराचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. प्राण्याला पोटावर, सरळ स्थितीत ठेवा. अंगावर ओले कापड टाका, पण डोक्यावरचे श्वासरंध्र झाकू नका आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीला किंवा परांना दोर बांधून ओढू नका. यातली प्रत्येक सूचना पाठ्यपुस्तकातल्या त्या एका वाक्यातून निघते. 'मासा पाण्यावाचून गुदमरतो' अशा समजुतीने श्वासरंध्रात बादलीभर पाणी ओतणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला मासा आणि देवमासा यांतला फरक उपयोगाच्या रूपात कुणी सांगितलेला नसतो, इतकेच.

आपल्या देशात तमिळनाडूतील मनपाड येथे जानेवारी १९७३ मध्ये १४७ पायलट देवमासे किनाऱ्याला लागले. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद करून ठेवली. त्याच किनारपट्टीवर जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीच्या आसपास देवमासे आले, तेव्हा कोळी बांधव त्यांना पुन्हा पाण्यात लोटण्यासाठी रात्री-अपरात्री झटले. त्यांतले काही वाचले, पुष्कळसे मेले. मधल्या ४३ वर्षांत माणसाच्या मनातला प्रश्न बदलला होता, हे खरे.

महाराष्ट्रात हा बदल जून २०१५ मध्ये दिसला. रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याला सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत स्थितीत वाळूत रुतला. गावकरी आणि वन खात्याची माणसे त्याला पाण्यात नेण्यासाठी धडपडली, पण तो मेला. पाण्यात असताना उत्प्लावक बल त्याचे वजन तोलून धरते. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर व स्नायूंवर पडते. शिवाय कातडीखालच्या चरबीच्या थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. इतक्या मोठ्या प्राण्यापुढे माणसाचे हातच अपुरे पडतात. पुढच्याच जानेवारीत मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला, तेव्हा पाहणाऱ्यांची आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती.

वाळूत रुतलेला देवमासा क्वचित दिसतो. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला गादा, म्हणजे डॉल्फिन, ही त्यामानाने नेहमीची गोष्ट. इथे नुसते प्रबोधन लंगडे पडते, कारण प्राणी सोडवायचा तर जाळे कापावे लागते आणि जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. गुजरातमध्ये २००४ पासून मोरारीबापूंच्या साह्याने चाललेल्या मोहिमेने ही अडचण ओळखली होती. तिथला प्राणी व्हेल शार्क, म्हणजे खराखुरा मासा. नावावरून विद्यार्थ्यांचा घोटाळा होऊ देऊ नये. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का, असा प्रश्न कोळ्यांना विचारला गेला, आणि पुढे जाळ्याच्या भरपाईचीही सोय झाली. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये हाच रस्ता धरला. संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले, तर त्याचे छायाचित्र वा चित्रफीत दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. माझ्या मते शंभर भित्तिपत्रकांनी झाले नसते ते या एका निर्णयाने साधले. कोळ्याला दया शिकवण्याची गरज नव्हती, त्याच्या दयेची किंमत त्याच्या एकट्यावर पडू नये एवढीच गरज होती.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांची कसोटी गणपतीपुळ्याला लागली. १३ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. सुमारे २० फुटांचे देवमाशाचे पिल्लू किनाऱ्यावर आढळले. वन खाते, तटरक्षक दल, ग्रामस्थ असे सारे धावले. अंगावर ओले कापड टाकून पाणी मारत ते जिवंत ठेवले गेले, आणि सुमारे चाळीस तासांच्या खटपटीनंतर टगबोटीने ओढून त्याला खोल समुद्रात सोडण्यात आले. लोकांना आनंद झाला. पण पिल्लू पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि मेले.

श्रम वाया गेले, असे मी म्हणणार नाही. पण आईपासून सुटलेले दूधपिते पिल्लू खोल पाण्यात एकटे जगेल कसे, हा प्रश्न जल्लोषात मागे पडला. समुद्रात ढकलणे म्हणजे वाचवणे, ही समजूत सुशिक्षितांतही घट्ट आहे. आजारी किंवा पोरका प्राणी ढकलला तरी परत येतो. अशा वेळी त्याला त्रास न देता, गर्दी हटवून, सावली करून पशुवैद्याची वाट पाहणे हेच उरते, आणि ते शिकवणे सर्वांत अवघड.

गणपतीपुळ्याला दिवाळीत जी गर्दी असते ती काही फक्त कोकणातली नसते. विदर्भातून देवदर्शनाला आणि सहलीला येणारेही तिच्यात असतात. कोळी पहाटे समुद्रावर गेलेला, वन खात्याचा माणूस तासाभराच्या अंतरावर. प्राण्यापाशी सर्वांत आधी पोहोचणारा कदाचित आपलाच विद्यार्थी असेल. वन खात्याने मदतीसाठी सुरू केलेला १९२६ हा क्रमांक सहलीपूर्वी वहीत उतरवून घ्यावा.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. मोठ्या फुग्यात पाणी भरून तो बादलीतल्या पाण्यात सोडा. तो गोल राहतो. आता तोच उचलून टेबलावर ठेवा. तो बसतो, पसरतो, खालची बाजू चपटी होते. त्या चपट्या बाजूला फुप्फुसे असती तर काय झाले असते, हे मुलांनाच विचारा. मग एखाद्याला फुगा गाठीशी धरून ओढायला सांगा आणि ताण कुठे येतो ते पाहू द्या.