मुंजा, कौल आणि आज्ञापत्र

पिंपळावर मुंजा असतो, चिंचेवर हडळ असते, वडावर समंध असतो, हे मराठी मुलखात वाढलेल्या कुणासही निराळे सांगावे लागत नाही. मुंज झालेला, परंतु सोडमुंजीआधीच मरण पावलेला मुलगा मुंजा होतो. दोन संस्कारांच्या मध्ये अडकलेल्या या पोराला लोकमानसाने घर दिले ते पिंपळाचे. पुराणपरंपरेने त्याच झाडाखाली अलक्ष्मीला बसवले आणि शनिवारखेरीज त्याला शिवू नये, असे सांगितले. गीतेच्या दहाव्या अध्यायात ज्याची गणना विभूतींत होते, तोच अश्वत्थ गावाच्या वेशीवर भयाचे ठाणे व्हावा, ही विसंगती केवळ वरवरची आहे. पूज्यता आणि भय या येथे एकाच निषेधाच्या दोन बाजू आहेत. व्यवहारात दोहोंचा अर्थ एकच: या झाडाला कुऱ्हाड लावू नये.

यावरून एक युक्तिवाद हल्ली वारंवार केला जातो. श्रद्धेने, अगदी अंधश्रद्धेनेही झाडे राखली आणि विवेकवादाने ती तोडली, असा त्याचा आशय. त्याचा मुख्य आधार म्हणजे देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांवरील निबंध १९७६ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून या रानांचे मोल अभ्यासकांना पटलेले आहे. वाळकी काटकीही उचलू नये, असा दंडक अनेक देवरायांत होता आणि त्यामुळे भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी ही राने टिकली, हे खरेच आहे.

तरीही भयाला रक्षक मानण्यापूर्वी त्याची रीत पाहावी. भय निवड करते. वड, पिंपळ, उंबर त्याच्या आश्रयाला येतात. ज्या झाडाला देव नाही की भूत नाही, त्याला ते वाऱ्यावर सोडते. उलट, देवळाच्या शिखरात रुजलेला पिंपळ उपटायला कुणी धजत नाही आणि मुळांनी चिरे फाकत जातात. शिवाय भयातून सुटण्याची वाट भयाच्याच व्यवस्थेत असते. कोकणात देवराईतले झाड तोडायचे तर देवाला कौल लावतात. लाकडाला भाव नव्हता तोवर कौल सहसा नकाराचा येई; भाव आल्यावर देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवही होकार देऊ लागला.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची हकीकत गाडगीळांनी नोंदवली आहे. तेथील देवराई तोडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा गावकरी तो रद्द करण्यासाठी साहाय्य मागत आले. गावाचा ओढा त्या रानातून उगम पावत होता. रान गेले तर पाणी जाईल, हे त्यांना ठाऊक होते. देवीचा कोप हे त्या ज्ञानाचे एक रूप असेल; ज्ञान मात्र पाण्याचे होते.

मराठी गद्यात झाडाच्या बाजूने केलेला याहून जुना आणि अधिक समर्थ युक्तिवाद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, इ.स. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक प्रकरणात तो येतो. आंबा आणि फणस यांचे लाकूड आरमाराच्या कामी येण्याजोगे. पण त्यांना हात लावू देऊ नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. फारच जीर्ण झाड असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावे. दोष लागण्याची भाषा येथेही आहे. परंतु तो दोष झाडावरच्या भुताचा नव्हे, प्रजेला पीडा दिल्याचा आहे.

मुंज्याच्या कथेत झाड माणसापासून राखले जाते. आज्ञापत्रात ते माणसासाठी, त्याच्या श्रमाची आणि मायेची दखल घेऊन राखले जाते. हडळ आणि समंध यांचे लोकसाहित्य जपावे, अभ्यासावे. ते आपल्या कल्पनाशक्तीचे धन आहे. मात्र झाडे वाचावीत म्हणून विझलेले भय पुन्हा फुंकणे हे दुबळेपणाचे लक्षण होय. भुताला उतारा देता येतो, देवाकडून कौल मिळवता येतो. ज्याने झाड वाढवले त्याच्या दुःखावर असा कोणताच उतारा नाही, हे आज्ञापत्रकाराने तीनशे वर्षांपूर्वीच जाणले होते.