बावीस परीषह आणि मधली सीट



यंदा आपल्यातल्या बऱ्याच जणींची मुलांकडे अमेरिकेला जायची तयारी चालली आहे. मंदिरात भेट झाली की प्रत्येकीचा प्रश्न एकच. "विमानात खायचं काय? आणि नेमधर्माचं कसं?" जणू आपल्यावरच पहिल्यांदा हा प्रसंग आला आहे! हा प्रश्न एकशे तीस वर्षांहून जुना आहे. म्हणून आज रेसिपी नाही, थोडा इतिहास सांगते.

सुरुवात आपल्या कुंडलपासून करू. सांगली जिल्ह्यातलं कुंडल, किर्लोस्करवाडी स्टेशनाच्या जवळचं. भोज गावचे सातगौडा पाटील, म्हणजेच आपले आचार्य शांतिसागर महाराज, मुनिदीक्षेआधी गिरनारची यात्रा करून येताना या कुंडलला थांबले आणि इथेच त्यांनी नियम घेतला, की यापुढे जन्मभर वाहनात बसायचं नाही. 1920 साली त्यांची मुनिदीक्षा झाली. 1924 मध्ये आपल्या समडोळीला त्यांना आचार्यपद मिळालं. आणि 1927 मध्ये कुंभोजच्या बाहुबलीहून संघ घेऊन ते निघाले ते थेट सम्मेद शिखरजीला. सगळं पायी. 1928 मध्ये संघ शिखरजीला पोचला. तेव्हा रेल्वे होती, मोटारी होत्या. पण नियम म्हणजे नियम.

आता विचार करा. मुनी वाहनात बसत नाहीत, आणि समुद्र काही पायी ओलांडता येत नाही. मग धर्माची गोष्ट समुद्रापलीकडे न्यायची कोणी?

हा पेच 1893 साली खरोखर उभा राहिला. अमेरिकेत शिकागोला सर्वधर्म परिषद भरायची होती. जैनांतर्फे आमंत्रण आलं ते श्वेतांबर आचार्य आत्मारामजी महाराजांना, म्हणजे विजयानंदसूरींना. त्यांना जाणं शक्य नव्हतं. त्यांनी एका श्रावकाला तयार केलं. ते वीरचंद राघवजी गांधी. भावनगरजवळच्या महुव्याचे, 1864 चा जन्म, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली बी.ए. झालेले.

"ते श्वेतांबर, आपण दिगंबर," असं कुणी म्हणेल म्हणून एक आठवण करून देते. शिखरजीच्या डोंगरावर डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला होता, तेव्हा त्याविरुद्ध लढायला हेच वीरचंदभाई कलकत्त्याला जाऊन राहिले. जुने कागद वाचता यावेत म्हणून ते बंगाली शिकले. तो कारखाना बंद झाला. त्या डोंगराच्या पायऱ्या चढताना आपण पंथ विचारत नाही, मग त्यांचे उपकार मानताना कशाला विचारायचा?

तर असे हे वीरचंदभाई एकोणतिसाव्या वर्षी बोटीने निघाले. बोटीचा प्रवास म्हणजे काय ते कळायला त्यांच्या आधी दहा वर्षं गेलेल्या आपल्या मराठी मुलीचा हिशेब बघा. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! वय अठरा, सोबतीला मिशनरी बायका, ताटात काय येईल त्याची खात्री नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून त्यांनी बजावलं होतं, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. 1886 मध्ये डॉक्टर होऊन त्यांनी ते खरं केलं.

वीरचंदभाईंनीही तसंच केलं. 11 सप्टेंबरपासून 27 सप्टेंबरपर्यंत परिषद चालली. डोक्याला काठियावाडी फेटा, अंगावर शाल, आणि ताटात फक्त शाकाहार. एका पाद्र्यांनी तिथे हिंदू देवळांवर चिखलफेक केली, तेव्हा जैन असूनही उत्तर द्यायला वीरचंदभाई उभे राहिले. परिषद संपल्यावरही ते तिथल्या गावागावांत व्याख्यानं देत राहिले.

आता मी स्वाध्यायाकडे वळते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. भूक, तहान, थंडी, उष्णता, डास-माशा हे आपल्या पाठ असतात. पण पुढची नावं नीट वाचा. चर्या म्हणजे चालण्याचा त्रास. निषद्या म्हणजे एका जागी बसून राहण्याचा त्रास. शय्या म्हणजे झोपायच्या जागेचा त्रास. आक्रोश म्हणजे लोकांचे कडू बोल. अलाभ म्हणजे हवं ते न मिळणं. हे सगळे मुनींनी समतेने सोसायचे आहेत. आपण संसारी माणसं, आपल्या वाट्याला चिमूटभरच येतात. पण ज्यांनी ही यादी केली त्यांना बसण्याचाही परीषह असतो हे इतक्या शतकांपूर्वी कळलं होतं, याचं मला विमानात फार कौतुक वाटलं. कारण मला मधली सीट मिळाली होती.

माहेर सातारा आणि सासर सांगली असल्यामुळे मला वाटायचं, प्रवासाचं मला काय सांगता! एस.टी.त उभ्याने खंबाटकी घाट उतरलेली बाई मी. पण चौदा-पंधरा तास गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसायचं म्हणजे निषद्या परीषहाची पूर्ण परीक्षा. डावीकडे हे घोरत होते, उजवीकडे एक उंचपुरे गृहस्थ होते. दोन्ही हात ठेवायचे दांडे त्या दोघांचे. अपरिग्रह मला आपोआप घडला.

जेवणाचं सुनेने आधीच सांगून ठेवलं होतं. विमान कंपन्यांत जैन जेवणाला वेगळा कोड असतो, व्हीजेएमएल. कंदमुळं नसलेलं जेवण जगभर त्या चार अक्षरांवर मागता येतं. वीरचंदभाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी हात जोडले असते. तरी मी घरून दशम्या, बिनलसणाचं भडंग आणि मेतकूट घेतलंच होतं. विमानतळावर तपासणाऱ्या बाईंनी मेतकुटाची पुडी वर-खाली करून विचारलं, "ही कसली पावडर?" मी म्हटलं, "भातावर घेतात, वास घेऊन बघा." त्यांनी वास घेतला, जोरात शिंकल्या, आणि पुडी परत दिली.

खरी गंमत पुढे झाली. रात्रिभोजनाचा त्याग आहे, तेव्हा सूर्यास्ताआधी जेवून घ्यायचं म्हणून मी घड्याळाकडे बघत होते. सांगलीच्या वेळेप्रमाणे रात्रीचे दहा वाजले, तरी खिडकीबाहेर लख्ख ऊन! आपण युरोपातून दुपारी पश्चिमेकडे निघतो, सूर्यही पश्चिमेकडेच चाललेला असतो. विषुववृत्तावर पृथ्वी तासाला सुमारे 1670 किलोमीटर वेगाने फिरते. पण उत्तरेला, अटलांटिकवरून विमानं जातात त्या भागात, हा वेग हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. विमानाचा वेग नऊशेच्या जवळपास. म्हणजे सूर्य पुढे आणि आपण मागे, दोघांची जवळजवळ बरोबरी. मावळायला तयारच होईना. हे जागे झाले आणि म्हणाले, "आज तुला आठ वेळा जेवता येईल." येताना मात्र उलट होतं. पूर्वेकडे येताना सूर्य भराभर मावळतो आणि थोड्या तासांत उगवतोही. एवढीशी रात्र, उपास सोपा.

मध्येच विमान हादरायला लागलं. मी बोटांच्या पेरांवर णमोकार मोजायला सुरुवात केली. शेजारच्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं, काय मोजताय? मी कॉमर्सची पदवीधर, तोंडातून निघून गेलं, "अकाउंट्स!" ते हसले. हादरे थांबेपर्यंत माझे एकशे आठ झाले होते, आणि भीती कधी गेली ते कळलंच नाही. तेव्हा मला वाटलं, समता म्हणजे काही गंभीर चेहरा करून बसणं नव्हे. अडचणीत आपल्यालाच आपलं हसू आलं, की मन हलकं होतं आणि मंत्र आत उतरतो.

पण बावीसांतला सगळ्यात अवघड परीषह विमानात नसतो. वीरचंदभाईंना तो कुठे भेटला बघा. तिकडे लोक त्यांची व्याख्यानं मन लावून ऐकत होते. आणि इकडे? समुद्र ओलांडला म्हणून त्यांना जातीबाहेर टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या. स्वामी विवेकानंदांनी 1894 मध्ये जुनागडच्या दिवाणांना लिहिलेल्या पत्रात याबद्दल खेद केला आहे. त्या भयंकर थंडीतही हा माणूस शाकाहारावर राहतो, आपल्या देशाची आणि धर्माची बाजू नेटाने मांडतो, आणि ज्यांनी त्याला पाठवलं तेच त्याला वाळीत टाकायला निघालेत, असा त्या पत्राचा आशय आहे. परक्या धर्माच्या व्यासपीठावरच्या माणसाला जे दिसलं ते घरच्यांना दिसेना. आत्मारामजी महाराज मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे पुन्हा परदेशी जाऊन काम करून 7 ऑगस्ट 1901 ला वीरचंदभाई गेले. सदतीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिले होते. आज शिकागोच्या जैन मंदिरात त्यांचा पुतळा आहे आणि 2002 मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. जमेची नोंद झाली, पण फार उशिराने.

त्यानंतरही हा प्रश्न सुटला नाही. 1970 मध्ये मुनी चित्रभानू जिनीव्हाच्या धर्मपरिषदेला गेले, 1975 मध्ये आचार्य सुशीलकुमारजी विमानाने अमेरिकेला गेले आणि पुढे न्यू जर्सीत सिद्धाचलम उभं राहिलं. दोघांवर खूप टीका झाली. 1980 मध्ये तेरापंथाच्या आचार्य तुलसींनी वेगळी वाट काढली. साधू आणि श्रावक यांच्या मधली समण श्रेणी सुरू केली. त्यांना वाहनाने प्रवासाची मुभा, बाकी व्रतं कडक. आणि मैत्रिणींनो, या श्रेणीत बहुतेक स्त्रियाच आहेत! पांढऱ्या वस्त्रातल्या समणी आज विमानाने देशोदेशी जाऊन शिकवतात. शांतिसागर महाराजांच्या पायी वाटेबद्दल माझी श्रद्धा तिळभर कमी न होता मला या समणींचाही अभिमान वाटतो.

हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. आपल्या स्वाध्यायातल्या एक बाई गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. तिकडे डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. बाळ-बाळंतिणीचं करता करता त्यांना त्याआधी दुसऱ्यांदा जेवायला सवड मिळायची नाही, म्हणून तीन महिने त्या एकवेळच जेवल्या. परत आल्यावर मात्र त्यांच्या पाठीमागे कुजबुज झाली, "तिकडे कोण बघतंय, खाल्लंच असेल रात्री." ते त्यांच्या कानावर गेलं. महिनाभर सतरंजीवरची त्यांची जागा रिकामी राहिली.

अठ्ठावन्न दिवसांची बोट सोसता येते, मधली सीटही सोसता येते. पण आपल्याच माणसांचा आक्रोश परीषह सोसायला मुनीच व्हावं लागतं, आणि आपण एकमेकींकडून ती अपेक्षा करू नये.

तेव्हा या मोसमात कुणी परदेशाहून आली, की तिने काय खाल्लं, कधी खाल्लं हे विचारू नका. आधी जवळ बसवून घ्या, आणि विचारा, "गुडघे कसे आहेत गं?"