अतिअल्प उष्मांक आहार

अतिअल्प उष्मांक आहार म्हणजे दिवसाला ८०० किलोकॅलरी किंवा त्याहून कमी ऊर्जा पुरवणारा, वजन जलद घटवण्यासाठी ठरावीक काळापुरता दिला जाणारा वैद्यकीय आहार होय. ऊर्जा कमी असली तरी प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे व आवश्यक मेदाम्ले यांची दैनंदिन गरज त्यातून पूर्ण भागवली जाते. याच बाबतीत हा आहार उपवास, उपासमार व सर्वसाधारण 'डाएट' यांहून वेगळा ठरतो. स्थूलता व टाइप २ मधुमेह यांच्या उपचारात त्याचा उपयोग होतो. वैद्यकीय देखरेखीविना घेतल्यास तो धोकादायक ठरू शकतो.

व्याख्या व घटक

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० किलोकॅलरी, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे १,६६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. अतिअल्प उष्मांक आहारातून यापैकी निम्म्याहूनही कमी ऊर्जा मिळते. ८०० ते १,२०० किलोकॅलरींच्या आहारास सामान्यतः 'अल्प उष्मांक आहार' म्हणतात.

या आहारासाठी तयार केलेल्या अन्नमिश्रणांचे आंतरराष्ट्रीय मानक कोडेक्स आयोगाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार अशा मिश्रणातून दिवसाला ४५० ते ८०० किलोकॅलरी ऊर्जा, किमान ५० ग्रॅम उच्च दर्जाची प्रथिने व किमान ५० ग्रॅम कर्बोदके मिळणे आवश्यक आहे. ही मिश्रणे सहसा पेय किंवा सूपच्या स्वरूपात घेतली जातात.

कार्यपद्धती

आहारातील ऊर्जा एकदम कमी झाल्यावर शरीर प्रथम यकृत व स्नायूंमधील ग्लायकोजेन वापरते. ग्लायकोजेनसोबत साठलेले पाणीही बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दिसणारी वजनातील मोठी घट बरीचशी पाण्याची असते. त्यानंतर चरबीचे विघटन वाढून कीटोन द्रव्ये तयार होतात व मेंदूसह अनेक अवयव त्यांचा इंधन म्हणून वापर करतात. याच काळात शरीर स्नायूंतील प्रथिनेही वापरू लागते. आहारातील पुरेशी प्रथिने व व्यायाम यांमुळे ही झीज कमी होते, पण पूर्ण थांबत नाही.

इतिहास

१९७० च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांचा आहार लोकप्रिय झाला. त्यातील प्रथिने प्रामुख्याने कोलॅजन व जिलेटिनपासून बनवलेली, म्हणजे निकृष्ट दर्जाची होती. १९७७-७८ च्या सुमारास हा आहार घेणाऱ्या सुमारे ६० व्यक्तींच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी अनेकांचा मृत्यू हृदयाच्या लयीतील गंभीर बिघाडामुळे झाला होता. या घटनेनंतर प्रथिनांचा दर्जा, पोटॅशियम व मॅग्नेशियमसारख्या खनिजांचे प्रमाण आणि वैद्यकीय देखरेख यांवर भर देण्यात आला.

लाभ

वजनातील घट: या आहाराने आठवड्याला साधारणतः दीड ते अडीच किलो वजन कमी होते. तथापि, दीर्घकाळानंतर तुलना केली असता ही घट अल्प उष्मांक आहाराने होणाऱ्या घटीपेक्षा फारशी जास्त राहत नाही.

टाइप २ मधुमेह: ब्रिटनमधील न्यूकॅसल येथील रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये ११ रुग्णांना आठ आठवडे सुमारे ६०० किलोकॅलरींचा आहार दिला. यकृत व स्वादुपिंडातील चरबी घटून त्यांची रक्तशर्करा सामान्य पातळीवर आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' या मोठ्या चाचणीत ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा आहार तीन ते पाच महिने देण्यात आला. ही मर्यादा ८०० च्या किंचित वर आहे. वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना नियंत्रणात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो किंवा अधिक वजन घटलेल्यांमध्ये ते ८६ टक्के होते. दोन वर्षांनंतर एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. या चाचणीत निदानाला सहा वर्षांहून अधिक काळ झालेल्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांचा समावेश नव्हता.

शस्त्रक्रियेपूर्वी: स्थूलतेवरील शस्त्रक्रियेआधी सुमारे दोन आठवडे हा आहार दिल्यास यकृताचा आकार कमी होतो व दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करणे सुलभ होते.

धोके

थकवा, डोकेदुखी, चक्कर, बद्धकोष्ठता, थंडी वाजणे व केस गळणे हे त्रास नेहमी आढळतात. गंभीर धोके पुढीलप्रमाणे आहेत :

- पित्ताशयातील खडे : वजन जलद घटताना पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते, आहारात स्निग्धांश फार कमी असल्यास पित्ताशय नीट रिकामेही होत नाही.
- युरिक आम्ल वाढून संधिवाताचा झटका येणे.
- पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्या कमतरतेमुळे हृदयाची लय बिघडणे.
- स्नायूंची झीज.
- औषधांचे दुष्परिणाम : इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांचा डोस पूर्वीइतकाच ठेवल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरते. ग्लिफ्लोझिन गटातील औषधांसोबत, रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही, कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे रक्तदाब फार खाली जाऊ शकतो.
- आहार पूर्ववत करताना होणारा बिघाड : दीर्घ अपुऱ्या आहारानंतर एकदम भरपूर कर्बोदके घेतल्यास रक्तातील फॉस्फेट घटून हृदय व श्वसनावर परिणाम होतो. यास रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

गर्भवती व स्तनदा माता, मुले, क्षीण वृद्ध, टाइप १ मधुमेह, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड वा यकृताचे गंभीर विकार आणि खाण्याशी संबंधित मनोविकार असलेल्यांसाठी हा आहार सामान्यतः वर्ज्य मानला जातो.

भारतीय शरीररचनेचा संदर्भ

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'बारीक पण चरबीयुक्त' शरीररचनेकडे लक्ष वेधले. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटिश वैज्ञानिक जॉन युडकिन यांनी एकमेकांच्या शरीररचनेची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३ इतकाच होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात ही ठेवण जन्मापासूनच आढळली. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्यात चरबीच्या तुलनेत स्नायूंचे प्रमाण अधिक घटलेले होते.

या रचनेमुळे भारतीयांना कमी वजनातही मधुमेह होतो, म्हणून यकृतातील चरबी घटवणारा उपचार त्यांच्यासाठी महत्त्वाचा ठरतो. दुसरीकडे, मुळातच स्नायू कमी असल्याने त्यांची झीज अशा व्यक्तीला अधिक महाग पडते. त्यामुळे केवळ वजनकाट्यावरील आकडा पाहून या आहाराचे यश ठरवता येत नाही.

महाराष्ट्रातील उपवास व इतर पद्धती

एकादशी, चतुर्थी किंवा नवरात्रातील उपवास व अतिअल्प उष्मांक आहार यांत अनेकदा गल्लत केली जाते. १०० ग्रॅम साबुदाणा, ५० ग्रॅम शेंगदाणे व एक मोठा चमचा तूप यांच्या खिचडीतून साधारण ७५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे या आहाराचा जवळपास दिवसभराचा वाटा. तिच्यातील प्रथिने मात्र १३ ग्रॅमच्या आसपास असतात व ती जवळजवळ सर्व शेंगदाण्यांतली असतात. एक दिवसाच्या उपवासात निरोगी व्यक्तीला याने अपाय होत नाही. पण वजन घटवण्यासाठी आठवडेच्या आठवडे असा आहार घेतल्यास प्रथिनांची तूट निर्माण होते.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा सल्ला दिला जातो. तीत जेवणाच्या वेळांवर भर असून उष्मांकांची मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे ती या प्रकारात मोडत नाही. वजनगटातील कुस्तीपूर्वी मल्ल पाणी व अन्न तोडून वजन उतरवतात, तोही वेगळा प्रकार आहे. त्यात मुख्यतः शरीरातील पाणी कमी होते.

देखरेख व आहारोत्तर काळ

ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा आहार सरसकट देऊ नये. जलद वजन घटवण्याची वैद्यकीय गरज असल्यासच व जास्तीत जास्त १२ आठवडे द्यावा. सुरुवातीला व उपचारादरम्यान रक्तदाब, रक्तशर्करा, क्षार व मूत्रपिंडाचे कार्य तपासले जाते, गरजेनुसार हृदयाचा आलेख काढला जातो आणि औषधांचे प्रमाण डॉक्टर बदलतात. आहार संपल्यावर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने नेहमीचे जेवण सुरू केले जाते. कमी झालेले वजन पुन्हा वाढण्याची शक्यता या काळात मोठी असल्याने आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन व नियमित व्यायाम पुढेही चालू ठेवणे आवश्यक असते.