नोकरीत दहा-बारा वर्षे झाल्यावर एमबीए करावे का?

मंडळी, गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत हा प्रश्न आम्हाला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. वय पस्तीस-चाळीसच्या आसपास, एमएस करून इथे अमेरिकेत स्थिरावलेले, आयटीत बरे चाललेले, पण वरची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. मग घरी विषय निघतो, "एमबीए करून टाकू का?" सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, पण तपासायच्या गोष्टी बहुतेकांच्या सारख्याच असतात. त्या इथे एकत्र दिल्या आहेत.

पहिला प्रश्न असा की, आहे त्याच क्षेत्रात वर जायचे आहे की क्षेत्रच बदलायचे आहे? कन्सल्टिंग किंवा बँकिंगमध्ये शिरायचे असेल तर पूर्णवेळ एमबीएला तोड नाही, कारण दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप हाच तिथला खरा दरवाजा असतो. संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमात नोकरी चालू असल्याने ही संधी बहुधा मिळत नाही. उलट आपल्याच कंपनीत मॅनेजर व्हायचे असेल तर त्यासाठी नोकरी सोडणे आम्हाला तरी पटत नाही.

आता पैसे. नावाजलेल्या कॉलेजांची पूर्णवेळ फी वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. समजा पगार १ लाख ३० हजार आहे. दोन वर्षांची फी १ लाख ६० हजार आणि बुडालेला पगार २ लाख ६० हजार, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास. घराचा हप्ता आणि मुलांचा खर्च यात धरलेला नाही. एक्झिक्युटिव्ह एमबीए (असा पहिला अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये काढला) नोकरी सांभाळून होते, पण व्हॉर्टनसारख्या ठिकाणी त्याचीही फी दोन लाखांवर आहे. दुसऱ्या टोकाला इलिनॉय विद्यापीठाचे २०१६ पासूनचे ऑनलाइन एमबीए साधारण २५ हजारांत होते.

कंपनी फी देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या मदतीवर कर लागत नाही. मात्र करारातली बारीक अक्षरे वाचा. पदवीनंतर ठराविक काळ नोकरी सोडली तर पैसे परत द्यावे लागतात, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी हेही लक्षात घ्यावे की २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद केले. एमबीएसारख्या पदवीला सरकारी कर्ज आता वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच.

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. एच-१बी वर नोकरी चालू ठेवून शिकायला काहीच आडकाठी नाही. अडचण येते ती नोकरी सोडून एफ-१ घेताना. ओपीटी पदवीच्या प्रत्येक पातळीला एकूण बारा महिनेच मिळते. एमएसनंतर ते वापरून झाले असेल, तर एमबीएही मास्टर्सच असल्याने पुन्हा मिळत नाही, अभ्यासक्रम स्टेम गटातला असला तरीही. ही गोष्ट पुष्कळांना प्रवेश घेतल्यावर कळते! लॉटरीतून मिळालेल्या एच-१बीच्या सहा वर्षांपैकी काळ शिल्लक असेल तर परत येताना पुन्हा लॉटरी लागत नाही, हा त्यातला दिलासा. शिवाय एफ-१ साठी मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो आणि ग्रीन कार्डचा अर्ज तिथे आड येतो.

घरातल्या दुसऱ्या माणसाचे काय? जोडीदार एच-४ च्या परवान्यावर नोकरी करत असेल तर तुमचा एच-१बी गेला की तो परवानाही जातो, आणि एफ-२ वर नोकरी करताच येत नाही. म्हणजे एका निर्णयाने दोन्ही पगार थांबतात. याउलट दोघांचेही स्वतःचे एच-१बी असतील, तर एकाने एच-४ वर जाऊन पूर्णवेळ शिकावे आणि दुसऱ्याने घर चालवावे, हा मार्ग मोकळा आहे. फक्त कामाचा परवाना नसेल तर उन्हाळ्यातली पगारी इंटर्नशिप करता येणार नाही.

भारतात परतायचे ठरलेच असेल तर हैदराबादच्या आयएसबीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम (२००१ पासून) आणि आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स (२००६ पासून) जरूर पाहावा.

जीमॅट आता सव्वादोन तासांची आहे आणि गुण पाच वर्षे चालतात, त्यामुळे परीक्षा आधी देऊन ठेवायला हरकत नाही. अनुभवी उमेदवारांना अनेक अर्धवेळ अभ्यासक्रम ती माफही करतात, तेव्हा आधी विचारा. आणि नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी एक तास इमिग्रेशन वकिलाकडे, जोडीदाराला बरोबर घेऊन बसा.