हात वर करू नका

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी एस.टी. तुम्हाला फाट्यावर उतरवते आणि धुरळा उडवत निघून जाते. सकाळच आहे, पण ऊन भर दुपारचे. खिशातला मोबाइल मुकाट पडून आहे. तुम्ही निघालात तेव्हा जुलै २०२२ चालू होता. इथे तारीख आहे २७ एप्रिल २०११. गावाचे नाव मेंढा. ग्रामपंचायत पलीकडच्या लेखा गावाची, म्हणून कागदोपत्री मेंढा (लेखा).

मोबाइलच्या मागे दोन चिठ्ठ्या खोचल्या आहेत. एकीवर लिहिलेय २११–१४८, दुसरीवर १६४–९९.

पहिली चिठ्ठी लंडनची. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी करोनाच्या काळात लोकांना घरात बसवले, भेटीगाठी बंद केल्या आणि आपल्याच निवासस्थानी वाढदिवसाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींत सापडले. एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला. मग त्यांच्याच पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी, म्हणजे किमान ५४ जणांनी, पत्रे लिहिली आणि ६ जूनला गुप्त मतदान झाले. विश्वास आहे म्हणणारे २११, नाही म्हणणारे १४८. दुसरी चिठ्ठी मुंबईची. ४ जुलैला विधानसभेत डोकी मोजली गेली. एकनाथ शिंदे यांच्या सरकारच्या बाजूने १६४, विरोधात ९९. बातम्या ऐकून तुमचे कान किटले होते. अशी मोजणी करतच नाही असे एक गाव आहे, असे कोणीतरी म्हणाले, आणि तुम्ही निघालात.

गावात आज लगबग आहे. मांडव पडतोय, पोलीस झाडाझाडाखाली उभे आहेत. मुख्यमंत्री यायचेत, दिल्लीचे मंत्रीही यायचेत. अजून वेळ आहे. तोवर आणखी मागे चला, वीस-बावीस वर्षे.

मांडव नाहीसा होतो, पोलीस नाहीसे होतात. संध्याकाळ. मोहाच्या झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली. इंचमपल्ली आणि भोपालपट्टनमची धरणे या भागातली गावे आणि जंगल बुडवणार म्हणून ‘जंगल बचाव, मानव बचाव’ची हाक उठली, वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे त्यात उतरले, त्याला फार दिवस झालेले नाहीत. त्या लढ्यात माणसांना आपला आवाज सापडला. आता तोच आवाज गावातल्या गावात वापरून बघणे चाललेय. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल इथे येऊन बसतात, विचारतात, ऐकतात. गावचे देवाजी तोफा बोलायला उभे राहतात. गावाची घोषणा गोंडीत आहे, ‘मावा नाटे मावा राज’, आणि मराठीत ती अशी सांगतात: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

गोल करून लोक बसतात. बाया मागे नाहीत, गोलातच आहेत. घरटी एक बाई, एक माणूस यायलाच हवा. विषयाची माहिती काढायला अभ्यास गट आहे. कायदा काय म्हणतो, जंगलात काय उरलेय, ते तो शोधून आणतो. निर्णय मात्र त्याचा नाही. निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीचा. शंभरातला एक नाही म्हणाला, तर विषय पुढच्या बैठकीला.

आता जे घडते ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ते तुम्ही आलात म्हणून घडतेय.

गोलाच्या मध्ये तुम्ही आहात. मागच्या पावसाळ्यात याच सभेत नियम तुम्ही मांडला होता: सभेला विचारल्याशिवाय कोणी झाड तोडायचे नाही. सगळ्यांनी मान डोलावली तेव्हा तुमची छाती फुगली होती. परवा गोठ्याची मयाल मोडली, बैल उघड्यावर आले आणि तुम्ही कुऱ्हाड घेऊन गेलात. एकच साग. हिरवा. खोडाचा बुंधा अजून ओला आहे, आणि तो बघायला अर्धे गाव जाऊन आलेय.

तुम्ही बोलायला लागता. बैलांचे सांगता, पावसाचे सांगता, गावासाठी किती खस्ता खाल्ल्या ते सांगता. कोणी अडवत नाही. तुमचे बोलणे संपते आणि पुढे कोणीच बोलत नाही. लंडनमध्ये निदान पडदा होता: चिठ्ठी, पेटी, कोणी काय लिहिले ते कोणालाच ठाऊक नाही. इथे समोर चुलता बसलाय, शेजारीण बसलीय, तुमची बायको बसलीय आणि ती तुमच्याकडे बघत नाहीये.

“मते घ्या ना,” तुम्ही चिडून म्हणता. “हात वर करा. ज्यांचा माझ्यावर विश्वास आहे त्यांनी हात वर करा.”

एक म्हातारा हसतो. “हात कायले वर करायचे? सगळे इथंच तर बसलेत.”

मग पलीकडून एक बाई विचारते, आवाज न चढवता: “नियम तूच सांगितला ना, भाऊ? मंग?”

या ‘मंग’ला उत्तर नाही. हातांची मोजणी झाली असती तर तुम्ही जिंकलाही असतात. भाऊबंद तुमचे, मित्र तुमचे; साठ हात सहज आले असते. साठ हात मिळवून तुम्ही ताठ मानेने घरी गेला असतात, आणि उरलेल्या चाळिसांनी उद्यापासून आपापली कुऱ्हाड पाजळली असती. इथे साठांचा उपयोग नाही. ती बाई ‘पटले’ म्हणेपर्यंत तुम्हाला बसायचे आहे. आज नाही तर पुढच्या बैठकीत. दंड भरा, चूक कबूल करा, काय करायचे ते तिथेच ठरेल. ‘माझ्या बाजूने इतके’ असे म्हणून उठता मात्र येणार नाही.

याचे जाचही आहेत आणि तुम्हाला ते बसल्या बसल्या कळतात. पाय भरून येतात. एकाच्या हट्टापायी चांगला विषय महिनोन्महिने लोंबकळू शकतो. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकट्याने ‘नाही’ म्हणायला छाती लागते. गुप्त चिठ्ठी दुबळ्याला जो आडोसा देते, तो इथे नाही. आणि हे जमते ते पाचेकशे वस्तीच्या, एकमेकांची चूल ओळखणाऱ्या गावात. २८८ आमदारांच्या सभागृहाला हे मागणे म्हणजे आंब्याच्या झाडाला मोहफुले मागणे. तरी एक गोष्ट पक्की ध्यानात येते. मोजणीत जिंकलेला माणूस चुकीचे उत्तर न देता सुटतो. इथे सुटत नाही.

चला, मांडवात परत. २०११.

आज गोलाच्या मध्ये कोण बसणार आहे, ते आता नीट बघा. आज नियम मोडणारा गावकरी नाही. सरकार आहे.

वनहक्क कायदा संसदेने २००६ मध्ये केला. त्यात गौण वनोपजावर गावाचा हक्क लिहिला आणि गौण वनोपजात बांबूचे नाव स्पष्ट घातले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मेंढ्याच्या हाती आला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव. बांबू गावाचा झाला. पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात. खाते देईना. खात्याचे तेव्हाचे म्हणणे, १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाड आहे. वनस्पतिशास्त्राला विचारा, ते म्हणेल गवत आहे. सभेतल्या त्या म्हाताऱ्याला विचारले असते तर त्याने तट्ट्याच्या कुडाकडे बोट दाखवले असते. एका हाताने सरकारने कायदा दिला, दुसऱ्या हाताने तोच अडवला. कागदाच्या कारखान्यांना वर्षानुवर्षे इथल्या जंगलांतून बांबू जातच होता, तेव्हा कोणाला तो गवत की झाड हा प्रश्न पडला नव्हता.

गावाने काय केले? पाडापाडी नाही, जाळपोळ नाही. तोच प्रश्न, त्याच आवाजात. नियम तुम्हीच सांगितला ना? मंग? अर्ज, पुन्हा अर्ज, अभ्यास, पुन्हा विचारणा. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले की बांबू गौण वनोपज धरा. आणि आज ते स्वतः आलेत, सोबत मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण.

गाड्या थांबतात. धूळ खाली बसायच्या आत भाषणे सुरू होतात. तुमची नजर मंचाकडे नाही, टेबलावर ठेवलेल्या एका पुस्तकाकडे आहे. छापील, शिवलेले, जाडजूड पावतीपुस्तकासारखे. तेच परवान्याचे पुस्तक. ते देवाजी तोफांच्या हातात दिले जाते, म्हणजे ग्रामसभेच्या हातात. आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना आता गाव स्वतः फाडणार. टाळ्या वाजतात. मागे बसलेली एक म्हातारी टाळ्या वाजवत नाही. पदराने घाम पुसते आणि शेजारणीला गोंडीत काहीतरी विचारते. पुस्तकात पाने किती आहेत, असे विचारत असावी, असे तुम्हाला वाटते.

मंचावर कोणी माफी मागितली का, हे तुम्ही शोधू नका. सरकारे माफी क्वचित मागतात. पण ज्याने अडवले तोच चालत दारात आला, आणि ज्यांना अडवले त्यांच्या हातात पुस्तक ठेवून गेला. ठराव मांडला नाही, बहुमत सिद्ध केले नाही. तरी आज इथे विश्वासाचा काहीतरी व्यवहार झाला. बारा वर्षांच्या पोरालाही तो समजला, कारण त्याचा बाप उद्या बांबू तोडायला जाणार आहे.

दुपार कलते. गाड्या गेल्या, पोलीस गेले. मांडवाच्या बल्ल्या उतरवणारी पोरे उरलीत. तुम्ही खिशातून चिठ्ठ्या काढता. २११–१४८ ही जिंकण्याची चिठ्ठी होती. पक्षाच्या नियमानुसार जॉन्सन यांच्याविरुद्ध आता वर्षभर दुसरा ठराव येणार नव्हता. वर्ष कसले, एका महिन्यात, ७ जुलैला, त्यांनीच पायउतार होत असल्याचे सांगितले. त्यांच्याच मंत्र्यांनी धडाधड राजीनामे ठेवले होते. मोजून मिळवलेला विश्वास मोजण्याआधीच संपलेला होता. दुसऱ्या चिठ्ठीचा हिशेब तुम्ही तुमच्या गावात करा. तिथे तुम्हाला तो ‘मंग?’ विचारणारे कोणी आहे का, ते आधी बघा.

फाट्यावर येता. सावली लांब झालीय. डावीकडून धानोऱ्याची एस.टी. येताना दिसते, चालक बघून न बघितल्यासारखे करतो.

तुम्ही हात वर करता. बस थांबते.