मोटारीतील एका खाचेचा इतिहास

मोटारीतील संगीताचा इतिहास सांगताना आपण रेडिओ, कॅसेट, सीडी, एमपीथ्री अशी साधनांची वंशावळ मांडतो. आज थोड्या निराळ्या जागेवरून पाहू. ती जागा म्हणजे डॅशबोर्डमधील एक आयताकृती खाच. रुंदी सुमारे १८० मिलिमीटर, उंची ५०.

हे माप जर्मन मानक संस्थेचे. तिच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डिन’ म्हणतात. १९८४ मध्ये आयएसओ ७७३६ या क्रमांकाने ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. वरवर पाहता निव्वळ कारकुनी बाब. परंतु तिच्यामुळे गाडी एका कंपनीची आणि टेप दुसऱ्याच कंपनीचा, हे सहज शक्य झाले. टेप जुना झाला, तर तेवढाच काढून नवा बसवायचा. शोधकांची नावे आपण पाठ करतो, मापांकडे मात्र दुर्लक्ष करतो. ही माझ्या मते इतिहासलेखनाची जुनी खोड आहे.

१४ जुलै १९९५ रोजी जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी आपल्या ध्वनिफाइलींच्या नावापुढे ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावण्याचे ठरवले. काही वर्षांतच गाणी संगणकात साठू लागली. प्रश्न उरला तो ती गाडीत नेण्याचा.

स्वस्त उत्तर आधीच तयार होते. १९८० च्या दशकात लॅरी शॉट्झ या अमेरिकी अभियंत्याने सीडी प्लेअरसाठी एक खोटी कॅसेट घडवली होती. तिच्यात फीत नव्हतीच. टेपच्या हेडसमोर येणारे एक छोटे चुंबकीय हेड आणि त्याला जोडलेली वायर, एवढाच ऐवज. फीत सरकते आहे अशी टेपची समजूत व्हावी म्हणून आत दातेरी चाके फिरत राहत. आमच्या घरच्या गाडीतही अशी एक होती. वायर जरा वाकली की एका बाजूचा स्पीकर मुका होई.

महागडे उत्तर १९९९ मध्ये इंग्लंडमधून आले. एम्पेग नावाच्या छोट्या कंपनीने त्याच डिन खाचेत चक्क संगणक बसवला. लिनक्स प्रणाली, स्ट्राँगआर्म प्रोसेसर आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क. चार गिगाबाइटच्या डिस्कवर १२८ किलोबिट वेगाची सुमारे ७० तासांची गाणी मावत. एका ऑडिओ सीडीवर ७४ मिनिटेच. यंत्राला मूठ होती. मालक ते खाचेतून ओढून घरात नेई, संगणकाला जोडी आणि गाणी भरून परत बसवी. पुढे सॉनिकब्लू या अमेरिकी कंपनीने एम्पेग विकत घेतली, यंत्राचे नाव ‘रिओ कार’ झाले आणि २००१ मध्ये उत्पादन थांबले. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला आयपॉड जाहीर झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

२००४ मध्ये बीएमडब्ल्यू आणि ॲपल यांनी आयपॉड थेट गाडीला जोडण्याची सोय आणली. येथून सूत्रे गाडी बनवणाऱ्यांकडे जाऊ लागली. यूएसबी, ब्लूटूथ, मग मोठा पडदा. अनेक नव्या गाड्यांत त्याच पडद्यावर वातानुकूलन आणि मागचा कॅमेराही असतो, त्यामुळे तो काढून दुसरा बसवणे सोपे राहिलेले नाही. सोय वाढली, हे खरेच. खाच मात्र गेली.

एम्पेगच्या मालकांनी पुढे जुन्या डिस्क काढून स्वतःच मोठ्या बसवल्या. आणि ती खोटी कॅसेट? ती आता ब्लूटूथसह मिळते.