निकालानुसार अनुदान : धूर आणि अग्नी

परीक्षेचा शिकवण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आपण निकालाच्या दिवसांत विचारतो आणि पाऊस सुरू झाला की विसरतो. आज त्याकडे इतिहासातून बघू. एका देशानं परीक्षा थेट पैशाला बांधून पाहिली, तीसेक वर्षं पाहिली, आणि काय घडलं ते त्यांच्याच तपासनिसांनी लिहून ठेवलं. तो देश इंग्लंड. त्या कथेचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

१८६१ साली न्यूकॅसल आयोगाचा अहवाल आला. गरिबांच्या प्राथमिक शाळांना सरकार अनुदान देत होतं, पण आयोगाच्या मते जेमतेम चौथा हिस्सा मुलांना नीट शिक्षण मिळत होतं. मास्तर वरच्या वर्गातल्या चुणचुणीत मुलांवर मेहनत घेत आणि लहान मुलं तशीच राहत. शिक्षण खातं तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होतं. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यांचा प्रश्न खरा होता. करदात्याचा पैसा जातो, मग प्रत्येक मुलाला वाचता येतं की नाही हे कुणी बघायचं? त्यांनी संसदेला सांगितलं, की नवी पद्धत स्वस्त नसली तर परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसली तर निदान स्वस्त तरी असेल.

१८६२ च्या सुधारित संहितेत हिशेब असा होता. सहा वर्षांवरच्या मुलामागे शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १२ शिलिंग. त्यातले ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. परीक्षा तीन गोष्टींची: वाचन, लेखन, गणित. तपासनीस वर्षातून एकदा येणार आणि एकेका मुलाला तपासणार. एका विषयात मूल नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले. इयत्ता सहा, आणि प्रत्येकीत काय यायला हवं ते साऱ्या देशासाठी एकच छापलेलं. मास्तरचा पगार बहुतेक ठिकाणी याच रकमेवर अवलंबून.

स्वस्ताईचं म्हणाल तर लो यांनी शब्द पाळला. १८६१ साली ८ लाख १३ हजार पौंडांच्या आसपास असलेलं अनुदान १८६५ मध्ये ६ लाख ३६ हजारांवर आलं. पण वर्गात काय झालं?

मॅथ्यू अर्नोल्ड हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना कवी आणि समीक्षक म्हणून माहीत असतं. पोटापाण्यासाठी हा माणूस पस्तीस वर्षं शाळातपासनीस होता. त्यानं या पद्धतीला पहिल्यापासून विरोध केला आणि आपल्या अहवालांत नेमकी नोंद केली, की मुलांना वाचन, लेखन, गणित खरोखर न येताही या तीन विषयांच्या परीक्षेतून पार करता येतं. कसं? परीक्षेला एक ठरलेलं वाचनपुस्तक असे. वर्षभर तेच एक पुस्तक घोटायचं. मूल ते धडाधडा म्हणून दाखवी. डोळे पानावर, पण वाचन नव्हेच, ती पोपटपंची. तपासनीस कागदावर 'उत्तीर्ण' लिही. अर्नोल्डचं म्हणणं होतं, की हा एक यांत्रिक डाव झाला आहे, आणि त्यात आम्हाला हरवायला मास्तर शिकणारच, त्यांना शिकावंच लागणार. त्यात त्यानं मास्तरला दोष दिलेला नाही, हे ध्यानात घ्या.

जे तपासलं जात नव्हतं ते आटलं. इतिहास, भूगोल मागे पडले, आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळं अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे पैशानं बिघडवलेलं पैशानंच दुरुस्त करायचं!

इथे मला आपल्या न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आठवतं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. अनुमान बरोबर आहे. धूर ही खूण, अग्नी ही वस्तू. परीक्षेतलं उत्तर ही खूण आणि समज ही वस्तू. आता समजा राजानं दवंडी पिटली, की ज्याच्या घरावर जितका धूर तितकं त्याला इनाम. लोक काय करतील? ओली लाकडं जाळतील. नैयायिकांनी हेही सांगून ठेवलंय, की अग्नीला धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. गावभर धूर होईल, पण त्यावर भाकरी भाजेल का? खूण खोटी नव्हती. खुणेला किंमत लावली आणि ती खुणेच्या कामातून गेली.

आता पुण्याकडे येऊ. निकालानुसार अनुदानाचं तत्त्व हिंदुस्थानातही आलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर. त्यांचा मुद्दा कुठल्याही तत्त्वज्ञाच्या तोडीचा आहे. ते म्हणतात, की गरीब आणि अडाणी ठेवलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला ही निकालाची पद्धत कामाची नाही. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे कुठला मास्तर स्वतःच्या जोखमीवर शाळा काढेल? त्याचं पोट कसं भरेल? तिथे सरकारी शाळाच हव्यात.

जोतीराव निकालाच्या विरोधात होते असं मात्र नाही. जास्त मुलं उत्तीर्ण करणाऱ्या मास्तरांना पगाराव्यतिरिक्त भत्ता द्या, असंही त्यांनी सुचवलं. पण आधी निदान १२ रुपये पगार द्या म्हणाले. दिपोटीनं वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. त्यानं तीन महिन्यांतून एकदा तरी यावं, आणि अधूनमधून न कळवता यावं, असंही म्हणाले. फरक बघा. भाकरी निश्चित, वर बक्षीस. आणि भाकरीच निकालावर. वरवर दोन्हीकडे परीक्षा आहे, पण मास्तरच्या मनात दोन वेगळी जगं तयार होतात.

आयोगानं अनुदानित प्राथमिक शाळांसाठी निकालाचंच तत्त्व उचलून धरलं. पुढे १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात सरकारनंच मान्य केलं, की परीक्षांचं प्रस्थ भलतंच वाढलंय आणि लेखी परीक्षेत न मावणारं सगळं दुर्लक्षिलं जातंय.

इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९० पासून टप्प्याटप्प्यानं मोडली आणि शतक संपण्याआधी गेली. मग सगळं सुधारलं का? एडमंड होम्स नावाचे तपासनीस १८७५ पासून खात्यात होते, मुख्य तपासनीस पदापर्यंत पोचले. निवृत्तीनंतर, १९११ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं असं, की सरकारनं तीसहून अधिक वर्षं मास्तरांना यंत्रासारखं राबवलं आणि मग एके दिवशी सांगितलं, आता तुम्ही मोकळे. पण मोकळ्या झालेल्या माणसाला मोकळेपणाचं काय करायचं ते उमजेना. काय शिकवायचं, का शिकवायचं, कुणाला किती समजलं, हे स्वतः ठरवायची सवयच गेली होती.

माझ्या मते आजच्या व्याख्यानातला हाच मुद्दा सर्वांत गंभीर आहे. पाठांतर वाढणं, विषय आटणं हे नुकसान परीक्षा बदलली की भरून येऊ शकतं. शिक्षकाची निर्णयबुद्धी मात्र परिपत्रकानं परत येत नाही. तिला एक पिढी लागते.

आपल्याकडे आठवीपर्यंत नापास न करण्याचा कायदा २००९ साली झाला आणि २०१९ मध्ये बदलला. दोन्ही बाजूंनी खूप वाद झाले. परीक्षा हवी की नको, यावर आपण तावातावानं बोलतो. मूल शिकतंय का, हे कुणीतरी बघायला हवंच; तिथे लो यांचा प्रश्न आजही उभा आहे. पण परीक्षेच्या निकालाला आपण काय काय बांधून ठेवलंय, हे विचारत नाही. शाळेचं नाव, मास्तरचा मान, पोराचं अख्खं आयुष्य? जितकं जास्त बांधाल, तितकी ओली लाकडं जळतील. पुढच्या वेळी एखाद्या शाळेच्या फलकावर शंभर टक्के निकाल वाचाल, तेव्हा आत जाऊन शिक्षकांना एवढंच विचारा : परीक्षेत येत नाही असं काय शिकवलंत यंदा?